छाटलेल्या कडा आणि सीलबंद मौन

लिलावांचा इतिहास बहुतेक वेळा किमतींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो विश्वासाचाही इतिहास असतो, हे होनस वॅग्नरच्या कार्डाच्या निमित्ताने आम्हांस मांडावयाचे आहे.

अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची छोटी चित्रकार्डे वाटली. 'टी२०६' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संचात पिट्सबर्गच्या वॅग्नरची कार्डे फार थोडी निघाली. मुले तंबाखूकडे वळू नयेत म्हणून त्यानेच ती थांबवली, असे काही म्हणतात. मोबदल्यावरून बिनसले, असे इतर. आज जेमतेम पन्नास-साठ प्रती ज्ञात आहेत.

त्यांतील एक बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने १९८५ मध्ये २५,००० डॉलरना घेतली आणि १९८७ मध्ये १,१०,००० डॉलरना विकली. १९९१ मध्ये सदबीजच्या लिलावात हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की व ब्रूस मॅक्नॉल यांनी तिच्यासाठी ४,५१,००० डॉलर मोजले. कार्डांना श्रेणी देणारी पीएसए ही कंपनी तेव्हा नुकतीच निघाली होती. तिने श्रेणी दिलेले पहिले कार्ड हेच. दहापैकी आठ गुण देऊन तिने ते पारदर्शक प्लास्टिकमध्ये सीलबंद केले.

झिजलेल्या कडा पात्याने किंचित छाटल्या की कार्ड नव्यासारखे दिसते. म्हणूनच संग्राहक छाटणी हा गंभीर दोष मानतात. या कार्डाविषयी कुजबुज होतीच, तरीही २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरना गेले. पुढे लिलावगृह चालवणाऱ्या मॅस्ट्रोवर २०१२ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. टपालाद्वारे फसवणुकीचा गुन्हा कबूल करताना, २०१३ मध्ये, आपणच कडा छाटल्याचे त्याने मान्य केले. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली.

येथे प्रश्न एका माणसाच्या लबाडीपुरता उरत नाही. श्रेणी म्हणजे तज्ज्ञाचे मत. वस्तूचे पूर्वचरित्र नव्हे. परंतु एकदा अंक छापला गेला की ग्राहक कार्डाऐवजी अंक विकत घेतो आणि विक्रेत्याला गप्प बसण्याची सोय होते. ज्याला फेरफाराची माहिती आहे, किंवा रास्त शंका आहे, त्याने ती बोलीपूर्वी लिलावाच्या सूचीत नोंदवली पाहिजे. प्रमाणपत्र हे त्या कर्तव्यातून सुटका देत नाही.

कागदाचा छाटलेला काठ पुन्हा जोडता येत नाही. छाटल्याची नोंद मात्र करता येते. ती वेळेवर झाली असती, तर किंमत उतरली असती, व्यवहार स्वच्छ राहिला असता.