घरातील सायकल : जोराच्या फेऱ्या आणि मधली विश्रांती

आदिलाबादला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी बाहेर पडू देत नाही. त्यामुळे आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी आता जागेवरची सायकल आली आहे. मुले-सुना मोबाईलवर पाहून तीवर 'हाय इंटेन्सिटी इंटरव्हल' व्यायाम करतात. घरातील वडीलधारेही विचारतात म्हणून ही माहिती.

इंटरव्हल म्हणजे थोडा वेळ जोरात पायडल मारणे, मग हळू चालवून दम घेणे आणि पुन्हा जोरात. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जपानचे इझुमी ताबाता यांचे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या होत्या, आणि तो प्रयोग जागेवरच्या सायकलवरच झाला होता. 'चार मिनिटांत फिटनेस' असे जे व्हिडिओ फिरतात त्यांचे मूळ हेच. मात्र त्यात भाग घेणारे व्यायामाची सवय असलेले तरुण होते, हे त्या व्हिडिओंत कोणी सांगत नाही. साठीच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यासाठी सौम्य प्रकार बरा. आधी दहा मिनिटे सावकाश चालवावे. मग एक मिनिट जोर, दोन मिनिटे हळू, अशा चार फेऱ्या पुरेत. जोर किती? दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, इतका. २२० मधून वय वजा करून नाडीचा आकडा काढतात. ६५ वर्षांच्या माणसाचा तो १५५ येतो. पण हा ढोबळ हिशेब आहे, आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर नाडी मुळातच कमी राहते. मग आकड्यापेक्षा दमावर भरवसा ठेवावा.

शेवटची फेरी झाली की लगेच खाली उतरू नये. जोरात चाललेले पाय एकदम थांबले की रक्त पायांतच साचते आणि चक्कर येते. पाच-सात मिनिटे हलके पायडल मारत राहावे.

घरात वारा लागत नाही, हा मोठा फरक. रस्त्यावर घाम वाऱ्याने वाळतो, खोलीत तो अंगावरच राहतो आणि शरीर तापत जाते. पंखा समोर हवा. कूलरने खोली दमट झाली असेल तर खिडकी उघडावी. नंतर ताक किंवा मीठ-साखरेचे लिंबू सरबत चालते, पण साखर किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आपले पथ्य पाहावे.

असा व्यायाम आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, आणि मध्ये किमान ४८ तास. स्नायूंची झीज भरून निघते ती या मधल्या दिवसांत. त्या दिवशी चालणे किंवा हलके सायकलिंग चालेल. जेवणात डाळ, उसळ, दही, खात असाल तर अंडी; आणि पुरेशी झोप. सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा बरीच जास्त असेल, पाय जड वाटत असतील, तर त्या दिवशी जोराच्या फेऱ्या नकोत.

आपल्याच हायवे ४४ वरील नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्यांच्यामागे वर्षांची तयारी होती. आपल्या घरातील तरुण मंडळी पहिल्याच आठवड्यात रोज फेऱ्या मारून गुडघा धरून बसतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. गुडघा दुखण्याचे आणखी एक साधे कारण म्हणजे सीट खाली असणे. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा.

हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराच्या फेऱ्या सुरू करू नयेत. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर काही तासांनीही उतरू शकते, म्हणून गोड काहीतरी जवळ असावे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अंधारी, असे काही झाले तर तिथेच थांबावे, घरच्यांना हाक मारावी आणि १०८ ला फोन करावा.