‘जात’ हा शब्द कायद्यात नसतो तेव्हा : सिस्को खटल्याचा खरा इतिहास



आमच्या अभ्यासवर्गात हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत काम करणारा एक तरुण येतो. परवा वर्ग संपल्यावर तो थांबला. म्हणाला, “ताई, आमच्या टीममध्ये जेवायला बसलं की आरक्षणावर विनोद सुरू होतात. मी एकदा एचआरकडे गेलो. मॅडमनी तक्रारीचा फॉर्म उघडला. त्यात लैंगिक छळाचा रकाना होता, अपंगत्वाचा होता. जातीचा नव्हताच. त्या म्हणाल्या, ‘इतर’मध्ये लिहा.” त्याने काही न लिहिता फॉर्म बंद केला.

शेजारचा दुसरा मुलगा लगेच म्हणाला, “अमेरिकेत बघ. सिस्को कंपनीला जातिभेदाबद्दल शिक्षा झाली.”

नाही, मित्रांनो. सिस्कोला अशी कोणतीही शिक्षा झालेली नाही. हा खटला आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर कधी ‘आपण जिंकलो’ म्हणून फिरतो, तर समोरच्यांच्या ग्रुपांवर ‘खोटा ठरला’ म्हणून. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. म्हणून तो पहिल्यापासून समजून घेऊ.

जात अमेरिकेत पोहोचली कधी?

९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात जातिसंस्थेवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. हिंदू माणूस जगात जिथे जाईल तिथे जात सोबत नेईल आणि मग जात हा जगाचा प्रश्न होईल, हा इशारा त्यांनी त्या निबंधात नोंदवला आहे. इशारा मूळचा होता श्रीधर व्यंकटेश केतकरांचा. हेच ते ज्ञानकोशकार केतकर. तेही अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात शिकले आणि जातिसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी १९०९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे सिलिकॉन व्हॅली हे नावही जन्माला आले नव्हते, तेव्हा महाराष्ट्रातून गेलेल्या दोन अभ्यासकांनी हा धोका लिहून ठेवला होता.

त्यानंतर सातच वर्षांनी जात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. पण कशी पोहोचली? तक्रार म्हणून नाही, हक्कसोड म्हणूनही नाही. मिरवण्याची गोष्ट म्हणून!

भगतसिंग थिंड हे पंजाबातून गेलेले शीख. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यात होते. त्या काळच्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्यांपैकी ‘गोऱ्या’ व्यक्तींना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व घेता येत असे. आशियाई माणसाला दार बंद. थिंड यांच्या बाजूने युक्तिवाद झाला तो असा: हे उच्च जातीचे आहेत, म्हणून शुद्ध आर्य आहेत, म्हणून गोरे आहेत. उच्च जातीचा हिंदू खालच्यांशी लग्नसंबंध टाळतो, जसे गोरे लोक काळ्यांशी टाळतात, असेही सांगितले गेले. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने हा दावा एकमताने फेटाळला.

त्या वंशवादी कायद्याचे समर्थन आपण करूच शकत नाही. थिंड यांच्यावर अन्याय झाला, यात शंका नाही. पण त्या अन्यायाविरुद्ध कोणते हत्यार निवडले गेले, ते लक्षात ठेवा. “माणसांत असा भेद करू नका” हा युक्तिवाद नव्हता. “भेद करा, पण आम्हाला वरच्या बाजूला मोजा” हा होता. ज्या वर्षी हा निकाल लागला, त्याच वर्षी बाबासाहेब लंडनचे शिक्षण पुरे करून मुंबईला परतले आणि चारच वर्षांत त्यांनी महाडचा सत्याग्रह केला.

आज जे म्हणतात की “अमेरिकेत जात नाहीच, तुम्ही ती उकरून काढता”, त्यांना १९२३ ची आठवण द्या. अमेरिकेच्या न्यायालयात जातीचे नाव आपण आधी घेतलेले नाही.

गुणवत्तेची गाळणी

१९६५ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला. देशनिहाय जुनी कोटापद्धत गेली आणि शिकलेल्या, कुशल माणसांना जागा मिळू लागली. इंजिनिअर, डॉक्टर, शास्त्रज्ञ जाऊ लागले. १९९० च्या कायद्याने एच-वन-बी व्हिसा आला आणि संगणक क्षेत्रातल्या भारतीयांची मोठी लाट गेली.

आता विचार करा, १९६५ मध्ये इंजिनिअरची पदवी कोणाच्या घरात होती? पहिली आयआयटी १९५१ साली खरगपूरला सुरू झाली. अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण आयआयटीत आले १९७३ मध्ये. ओबीसींना केंद्रीय संस्थांत प्रत्यक्ष जागा मिळू लागल्या २००८ नंतर. म्हणजे पहिली वीस-बावीस वर्षे दार जवळपास एकाच वर्गाला उघडे होते. तीच माणसे पुढे अमेरिकेत मॅनेजर झाली, कंपन्या काढू लागली, मुलाखती घेऊ लागली. कार्नेगी एंडोमेंट या संस्थेच्या सर्वेक्षणाचा अहवाल २०२१ मध्ये आला. आपली जात सांगणाऱ्या भारतीय-अमेरिकी हिंदूंपैकी दहातल्या आठांहून अधिक जणांनी स्वतःला खुल्या किंवा उच्च जातीचे म्हटले.

याला ‘गुणवत्ता’ म्हणतात. गाळणी आधीच लावून ठेवायची आणि खाली आलेल्या चहाला म्हणायचे, बघा कसा निर्मळ!

सिस्कोत काय झाले?

३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या रोजगार व गृहनिर्माण विभागाने सिस्को कंपनी आणि तिच्या दोन माजी वरिष्ठ अभियंत्यांवर दावा लावला. पुढे याच विभागाचे नाव ‘नागरी हक्क विभाग’ झाले. दावा आधी केंद्रीय न्यायालयात होता. नंतर तो मागे घेऊन राज्याच्या न्यायालयात पुन्हा दाखल केला गेला.

दाव्यातले म्हणणे असे. तक्रारदार दलित अभियंता सॅन होजेच्या मुख्यालयात जवळपास पूर्ण भारतीय असलेल्या टीममध्ये काम करत होता. तो आयआयटीत आरक्षणातून आला आहे, असे वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितले. हे कळल्यावर त्याने जाब विचारला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये एचआर गाठले. त्यानंतर त्याची जबाबदारी कमी झाली, त्याला बाजूला टाकले गेले. आणि कंपनीच्या चौकशीत उत्तर मिळाले की जातिभेद हा बेकायदेशीर नाही.

कंपनीने आणि त्या दोघांनी आरोप नाकारले. हे आरोप आहेत, सिद्ध झालेले गुन्हे नाहीत, हे आपण स्पष्ट म्हटले पाहिजे. एप्रिल २०२३ मध्ये विभागाने त्या दोन अभियंत्यांविरुद्धचा दावा स्वतःहून मागे घेतला. तेव्हा त्यांना दोषी म्हणून नावे घेत फिरणे थांबवा. पण तेव्हा कंपनीविरुद्धचा दावा मागे घेतला गेला नाही. ‘खटला खोटा ठरला’ म्हणणारे हा अर्धा भाग गिळून टाकतात.

मधल्या काळात दोन लढाया झाल्या, ज्यांच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. पहिली, कंपनी म्हणाली की वाद न्यायालयात नको, खासगी लवादापुढे न्या. तक्रारदाराने नोकरीच्या करारात लवाद मान्य केला होता. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की करारावर सही कामगाराची आहे, सरकारी विभागाची नाही. विभागाला लवादात ओढता येणार नाही. दुसरी लढाई नावाची. तक्रारदार नाव न सांगता लढू शकतो का? भारतात राहणाऱ्या त्याच्या नातेवाइकांना होऊ शकणारा त्रासही विचारात घेतला पाहिजे, असे अपील न्यायालयाने त्याच वर्षी म्हटले. लाखो डॉलर कमावणारा इंजिनिअर, समुद्रापलीकडे राहणारा, आणि भीती कशाची तर गावाकडच्या आईवडिलांची. जात किती लांब हात पोहोचवते ते यातून कळते.

एकाने तोंड उघडले, मग अनेकांनी

ऑक्टोबर २०२० मध्ये गुगल, अॅपल, मायक्रोसॉफ्ट, सिस्को अशा कंपन्यांतल्या तीस दलित महिला अभियंत्यांनी नाव न देता निवेदन प्रसिद्ध केले. आंबेडकर इंटरनॅशनल सेंटरसारख्या आपल्या संघटनांनी सिस्को खटल्यात न्यायालयापुढे आपले म्हणणे मांडले. अॅपलने २०२० मध्येच आपल्या कर्मचारी-नियमांत ‘जात’ हा शब्द घातला. उलट २०२२ च्या एप्रिलमध्ये, दलित इतिहास महिन्यातच, गुगलमध्ये ठरलेले थेनमोळी सौंदरराजन यांचे व्याख्यान कर्मचाऱ्यांच्या विरोधानंतर रद्द झाले आणि ते ठरवणाऱ्या अधिकारी तनुजा गुप्ता यांनी राजीनामा दिला.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने नगरसेविका क्षमा सावंत यांच्या प्रस्तावावरून जातिभेदावर बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. मग कॅलिफोर्नियात सिनेटर आयेशा वहाब यांनी विधेयक आणले. पंजाबी रविदासिया समाज, आंबेडकरी संघटना, कामगार कार्यकर्ते रस्त्यावर आले, सॅक्रामेंटोत उपोषण झाले. दोन्ही सभागृहांत विधेयक मोठ्या बहुमताने मंजूर झाले. आणि ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. कारण दिले, सध्याच्या कायद्यात हे संरक्षण आहेच, वेगळ्या शब्दाची गरज नाही.

‘सध्याचा कायदा पुरेसा आहे’

हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. ब्रिटनच्या संसदेने २०१३ मध्ये सरकारवर बंधन घातले होते की समता कायद्यात जातीचा समावेश करा. एका आदिवासी घरकामगार स्त्रीच्या खटल्यात न्यायाधिकरणाने म्हटले की काही परिस्थितीत जात ही ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसू शकते. तेवढा आधार घेऊन २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की वेगळ्या तरतुदीची गरज नाही.

आता उलट बाजूने बघू. सगळे काही आधीच्या शब्दांत बसत असेल, तर २०१६ मध्ये सिस्कोच्या तक्रारदाराला ‘हे बेकायदेशीर नाही’ असे उत्तर मिळाल्याचा आरोप कसा होतो? न्यूसम म्हणतात ते कायद्याच्या अभ्यासकाला पटेलही. पण तक्रार घेणारा माणूस अभ्यासक नसतो, त्याच्यासमोर फॉर्म असतो. ज्या शब्दाचा रकाना नाही, ती तक्रार लिहिली जात नाही. जी लिहिली जात नाही, ती मोजली जात नाही. आणि मग म्हणतात, आकडे कुठे आहेत?

विरोधकांचा दुसरा मुद्दा असा की या कायद्याने हिंदू आणि दक्षिण आशियाई लोक बदनाम होतील. पण विधेयक कोणत्याही धर्माविरुद्ध नव्हते. जातिभेद शिखांत, मुसलमानांत, ख्रिश्चनांतही आहे. लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाल्याने सगळे पुरुष गुन्हेगार ठरत नाहीत. आरोप सिद्ध करावाच लागतो.

आणि आकड्यांबाबत आपणही शिस्त पाळली पाहिजे. इक्वालिटी लॅब्सच्या २०१८ च्या अहवालातला ‘६७ टक्के’ हा आकडा आपण सर्रास फेकतो. तो त्या सर्वेक्षणात स्वतःहून भाग घेतलेल्या दलितांबद्दल आहे, अमेरिकेतल्या सगळ्या दलितांचे प्रमाण सांगणारा नाही. समाजशास्त्र शिकलेल्या कोणालाही हा फरक कळतो, आणि समोरच्या वकिलालाही कळतो. आपली बाजू खरी आहे, तिला फुगवण्याची गरज नाही.

आता आपल्या हिंजवडीकडे

कॅलिफोर्नियात निदान वाद झाला. इथे काय आहे? संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीपुरते आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा फौजदारी आहे, त्यासाठी पोलीस ठाणे गाठावे लागते. खासगी कंपनीने बढती नाकारली, प्रोजेक्टमधून काढले, मुलाखतीत आडनाव विचारून फाईल बाजूला ठेवली, तर त्यासाठी देशात स्वतंत्र दिवाणी कायदा नाही. २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळासाठी दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली. जातीसाठी अशी समिती का नसावी?

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले: ‘इतर’मध्ये लिही. तारीख घाल, कोण हजर होते ते लिही, प्रत स्वतःजवळ ठेव. आणि जी परदेशी कंपनी आपल्या देशातल्या कार्यालयात जातीचा नियम पाळते, तिच्या इथल्या कार्यालयात तोच नियम का नाही, हे ईमेलने विचार. एकट्याने नको, चार जण मिळून विचारा.

बाबासाहेबांनी ज्या अन्यायाला नाव नव्हते त्याला आधी नाव दिले, मग त्यावर कायदा मागितला. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवून घेणे ही छोटी गोष्ट वाटेल. पण ‘जात’ हा शब्द कागदावर येईपर्यंत आपला अनुभव ‘इतर’च राहणार.

जयभीम!