शिखराआधीची रात्र : एव्हरेस्ट, १९५२ आणि १९५३

१/ २९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. हे यश समजून घ्यायचे, तर शेवटच्या छावणीतील दोन रात्री शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. दोन्ही रात्री तेनझिंग तेथे होते.

२/ पहिली रात्र २७ मे १९५२ ची. स्विस मोहिमेतील रेमंड लँबेर यांच्यासह तेनझिंग सुमारे ८,४०० मीटर उंचीवर थांबले. तंबू एकच होता. म्हणून सोबतचे दोघे खाली परतले. झोपण्याच्या पिशव्या नव्हत्या, स्टोव्हही नव्हता. डब्यात मेणबत्तीवर बर्फ वितळवून मिळेल तेवढेच पाणी.

३/ अशा उंचीवरील हवा विरळ आणि कोरडी असते. प्रत्येक श्वासागणिक शरीरातील पाणी घटते आणि त्यासोबत शक्तीही. त्यातच त्यांची ऑक्सिजनची उपकरणे चालताना उपयोगी पडेनात. दुसऱ्या दिवशी सुमारे ८,५९५ मीटरवरून दोघांना मागे फिरावे लागले. माथा केवळ अडीचशे मीटर उरला होता.

४/ १९५३ च्या ब्रिटिश मोहिमेने या रात्रीची तयारी दोन दिवस आधीच आरंभली. २६ मे रोजी नेते जॉन हंट आणि दा नामग्याल यांनी सुमारे ८,३४० मीटरवर तंबू, अन्न व ऑक्सिजन नेऊन ठेवले. २८ मे रोजी जॉर्ज लोव, आल्फ्रेड ग्रेगरी आणि आंग न्यिमा हे हिलरी-तेनझिंग यांच्यासोबत ओझी घेऊन निघाले. वाटेत ठेवलेले सामानही उचलले. हिलरींच्या पाठीवरचा भार २८ किलोच्या घरात गेला.

५/ सुमारे ८,५०० मीटरवर, उंचसखल अरुंद जागेत तंबू उभा राहिला. या वेळी स्टोव्ह होता. दोघांनी लिंबाचे गरम सरबत भरपूर घेतले आणि झोपेसाठी मोजून ठेवलेला ऑक्सिजन वापरला. पहाटे तापमान उणे २७ अंश होते. हिलरींचे बूट गोठून कडक झाले होते. तेही स्टोव्हवरच मऊ करावे लागले. साडेसहाला दोघे निघाले.

६/ सुधारलेली ऑक्सिजन उपकरणे आणि इव्हान्स-बोर्डिलाँ यांनी २६ मे रोजी दक्षिण शिखरापर्यंत केलेली चढाई, यांचाही या यशात वाटा आहे. परंतु दोन छावण्यांच्या उंचीत फरक होता जेमतेम शंभर मीटरचा. खरा फरक तेथवर पोहोचलेल्या सामानाचा होता.

७/ १९५३ मध्येही वर तंबू एकच होता. लोव, ग्रेगरी आणि आंग न्यिमा यांनी ओझी उतरवली आणि ते त्याच दिवशी साउथ कोलकडे परतले.