पिसें टिपणारा डोळा

चित्रपटाचें सारें यश दिग्दर्शकाच्या पदरांत टाकण्याची आपणां रसिकांची जुनी खोड आहे. ज्याच्या डोळ्यांनीं आपण चित्र पाहतों, त्या छायालेखकाचें नांव सहसा कोणी विचारीत नाहीं. झाग्रेबचे तोमिस्लाव पिंटर (१९२६–२००८) हे अशांपैकींच एक. पुला येथील महोत्सवाचें ‘सुवर्ण अरेना’ हें पारितोषिक त्यांना लाभलें होतें.

अलेक्सांदार पेत्रोविच यांच्या ‘पिसें गोळा करणारे’ (१९६७) या चित्रपटास कान येथें परीक्षकांचें खास पारितोषिक मिळालें. त्याचें छायालेखन पिंटर यांचें. वोइवोदिनाच्या सपाट प्रदेशांत हंसांचीं पिसें विकत घेत फिरणाऱ्या रोमा लोकांची ही कथा. त्यांचे पूर्वज उत्तर हिंदुस्थानांतून गेलेले. ‘पाणी’, ‘नाक’ हे शब्द त्यांच्या भाषेंत थोड्या फरकानें अजून नांदतात.

दारिद्र्य टिपतांना कॅमेरा एक तर कींव करतो, नाहीं तर नटवितो. पिंटर यांनीं दोन्ही टाळलें. चिखल चिखलच राहिला. त्यावर पांढरीं पिसें उडालीं, आणि पुढें पिसांच्याच ढिगांत खून घडला. शुभ्रतेला हा भयाण अर्थ शब्दांनीं नव्हे, प्रकाशानें दिला.

१९९१ सालीं क्रोएशियानें युगोस्लाव्हियापासून स्वातंत्र्य जाहीर केलें. झाग्रेबच्या मनुष्यानें बेलग्रेडच्या चित्रसंस्थेसाठीं तिसऱ्याच समाजाचें जीवन टिपलें. मग हें चित्र आतां कोणाचें? आमच्या मतें, ज्या डोळ्यानें परक्यास परकें मानलें नाहीं, त्याचें. निदान तें नांव पडद्यावर येऊन जाईपर्यंत आपण जागेवरून उठूं नये.