नाशिकहून ज्युरी बघायला

मोबाइल घरी ठेवा आणि डोक्यावर काहीतरी घाला. पागोटं नसेल तर टोपी चालेल, पण बोडक्या डोक्याने निघालात तर मेन रोडवरची पोरं खिदळत मागे लागतील. साल १९०८, जुलै महिना. भद्रकालीकडून तांबटांच्या हातोड्यांचा ठणठणाट कानात घुसतोय. घोड्यांची लीद, भिजलेली गोणपाटं आणि चुलीवर फुगलेली भाकरी यांचा एकच वास झालाय. आत चढा, ट्राम सुटतेय. विजेच्या तारा शोधू नका, हिला घोडे ओढतात. स्टेशन येईपर्यंत कंबर शिल्लक राहिली तर नशीब.

तिसऱ्या वर्गाच्या डब्यात तुम्ही अर्धे बाकावर, अर्धे कोणाच्या तरी वळकटीवर. इगतपुरीला पाऊस खिडकीतून आडवाच आत येतो. खिडकी लावली तर घुसमट आणि उघडी ठेवली तर बोगद्यात इंजिनाची काजळी थेट डोळ्यांत. समोर नाशिकचेच एक वकील बसलेत. काळा कोट, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, मांडीवर ‘केसरी’ची घडी.

“टिळकांच्या खटल्याला ना? मग ज्युरी निवडतात तेव्हाच हजर राहा,” ते म्हणतात. “भाषणं काय, मागाहून छापून येतातच.”

हायकोर्टाबाहेर ही गर्दी. ओल्या छत्र्यांच्या काड्या बरगड्यांत टोचतात, पोलिसांचे घोडे फुरफुरतात, लोक टाचा उंचावून उगाचच वरच्या खिडक्यांकडे बघत राहतात. तुम्ही मात्र सरळ आत चला. अजून तुमचा जन्मच झालेला नाही, पोलीस अडवणार कोणाला?

आत उकाडा. घामाने आंबलेले गरम कोट, शाई, जुनं लाकूड. आरोपीच्या जागी पगडी आणि उपरणं घातलेले टिळक, पुढ्यात कागदांचा ढीग. वर न्यायमूर्ती दिनशा दावर. अकरा वर्षांपूर्वी हेच दावर बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. पण त्यावर कुजबुजायला वेळ नाही, चिठ्ठ्या निघायला लागल्या.

कारकून चिठ्ठी उचलतो, नाव वाचतो. गोरा माणूस उठतो, खुर्चीत जाऊन बसतो. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा गोरा. मध्येच एक पारशी. तुम्ही बोटं मोजताय. नऊ खुर्च्या भरतात तेव्हा हिशेब होतो सात युरोपीय आणि दोन पारशी. खटला ‘केसरी’तल्या मराठी लेखांवरचा, आणि बहुतेक ज्युरीला ते वाचायचेत इंग्रजी भाषांतरातून.

“नशीबच फुटकं,” तुम्ही पुटपुटता.

वकीलसाहेब तुमच्याकडे असं बघतात की तुम्हाला टोपीत तोंड लपवावंसं वाटतं. “नशिबाला कशाला शिव्या देता? पेटीत कोणाच्या चिठ्ठ्या घातल्या ते विचारा.”

मग ते कानाशी वाकून सांगतात. तपकिरीचा भपकारा येतो, सोसा. सरकारने या खटल्याला ‘स्पेशल ज्युरी’ मागितली. तिची यादी वेगळी. मालमत्ता, चारित्र्य, शिक्षण बघून नावं घालायची, आणि मुंबईत या गाळणीतून खाली उरतात ते मुख्यतः गोरे. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टांनी आधीच हरकत घेतली होती. अशी ज्युरी बहुतांशी युरोपियनांची होईल आणि त्यांना मराठी येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. दावरांनी सरकारचा अर्ज मंजूर केला.

“पण आरोपीला ज्युरर नाकारता येतो ना?”

येतो की! हायकोर्टात दोन्ही बाजूंना कारण न देता आठ-आठ माणसं नाकारता येतात. पण आठ गोरे उठवले तर त्यांच्या जागी यायचे कोण? त्याच यादीतले. गव्हाच्या पोत्यात कितीही वेळा हात घाला, ज्वारी कशी निघेल? गंमत म्हणजे, मोफसिलात, म्हणजे मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांत, युरोपियन साहेबावर खटला झाला तर निम्मी तरी ज्युरी युरोपियन किंवा अमेरिकन मागायचा हक्क त्याला १८८४ पासून आहे. म्हणजे आपल्या माणसांनी न्याय करावा यात काय मोल आहे, हे सरकारला नीट ठाऊक आहे. आणि हे वाचणारी तुम्ही बाई असाल, तर कुठल्याच यादीत स्वतःला शोधू नका. ज्युरर पुरुषच.

आता काही दिवस गाळूया, भूतकाळात तेवढी सवलत असते. २२ जुलैची संध्याकाळ. टिळक स्वतःच्या बचावात एकूण २१ तास १० मिनिटं बोललेत. दिवे लागले, पोटात कावळे कोकलतायत, पण जागा सोडायची कोणाची छाती नाही. आठ वाजून गेल्यावर ज्युरी आत जाते. सव्वा तास नुसतं खोकणं, बाकांची करकर, दारापाशी शिपायांचे बूट. मग नऊजण परततात. सात विरुद्ध दोन, दोषी. काळ्या पाण्याची सहा वर्षं आणि हजार रुपये दंड. टिळकांना मागच्या दाराने हलवतात, पुढच्या दाराशी लोक ताटकळत राहतात.

मुंबईत गिरण्या बंद पडायला लागल्यात, सहा दिवसांचा संप होणार आहे. तुम्ही कशीबशी बोरीबंदरहून परतीची गाडी गाठता. डब्यात एकच वाद पेटलाय, ते दोघे पारशी. कोणी त्यांना हात जोडतोय, कोणी म्हणतोय दोघांनी काय होतं. तुम्ही आपलं सुचवता, “हाच खटला मोफसिलात चालला असता तर?”

“तिकडे बहुतेक ठिकाणी ज्युरी कुठली? असेसर बसतात,” वकीलसाहेब कोट झटकतात. “मत विचारतात. न्यायाधीशाला पटलं तर घेतो, नाही तर ठेवतो बाजूला.”

पुढचं त्यांना ठाऊक नाही, तुम्हाला आहे. पुढल्या वर्षी डिसेंबरात, नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे गोळ्या झाडेल. तो खटला हायकोर्टातच चालेल, पण तीन न्यायमूर्तींपुढे, ज्युरीवाचून. चिठ्ठ्या कोणाच्या घालायच्या, हा घोळच सरकारने तोवर नव्या कायद्याने मिटवलेला असेल.