दोन वनस्पतिशास्त्रज्ञ आणि होळकरांचे इंदूर



होळकरांच्या इंदूरचा इतिहास आपण बहुधा तलवार, देऊळ आणि गाणे या तीन वाटांनी सांगतो. आज मी चौथ्या वाटेने जाणार आहे. ती कचऱ्याच्या ढिगावरून जाते, तेव्हा थोडे नाक दाबून ऐकावे लागेल.

पहिले महायुद्ध संपत आले होते तेव्हापासून १९३१ पर्यंत, म्हणजे अवघ्या चौदा-पंधरा वर्षांच्या अवधीत, दोन परदेशी विद्वानांनी या शहरात काम केले. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे, आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्लंडचे. दोघेही मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि दोघांनीही आपल्या विषयाचे कुंपण ओलांडून दुसऱ्यांच्या विषयात पाऊल टाकले. विद्वानाच्या वहीतले ज्ञान दरबारच्या हुकुमात कसे उतरते, तिथून गल्लीत आणि शेतात कसे पोहोचते आणि वाटेत कुठे अडते, हे पाहायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आधी थोडे मागे, मुंबई-पुण्याकडे जावे लागेल. १८९६ साली मुंबईत गाठीचा प्लेग आला. तो कशाने पसरतो हे तेव्हा नक्की कळलेले नव्हते. पण सरकारला काहीतरी करून दाखवणे भाग होते. म्हणून घरझडत्या झाल्या, माजघरापर्यंत सोजीर शिरले, माणसांना उचलून छावण्यांत नेले. पुण्यात याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडसाहेबांवर झाडलेल्या गोळीत झाला, हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही. पुढच्याच वर्षी मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती म्हणजे रोग, तेव्हा वस्ती पाडा, असा त्याचा सरळ हिशेब होता. पाडलेल्या घरांतली माणसे शेजारच्या चाळीत गेली आणि ती चाळ आणखी दाटली.

त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत एक प्रयोग केला. त्यावरून प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवेमार्फत पसरतो असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ च्या सुमारास लिस्टन आणि प्लेग कमिशनच्या मंडळींनी मुंबईत प्रयोग केले, तेव्हा कुठे ही गोष्ट मान्य झाली. म्हणजे धोरण आधी आले आणि ज्ञान आठ-दहा वर्षांनी. मधल्या काळात जे झाले ते लोकांच्या मनात इतके खोल बसले, की पुढे खरे ज्ञान हाती आले तरी सरकारी माणूस दारात दिसताच दार लावून घेण्याची सवय गेली नाही.

गेडिस इंदूरला आले ते अशा वातावरणात. १८५४ चा जन्म, हक्सलेंचे विद्यार्थी. तरुणपणी मेक्सिकोत काही काळ त्यांची दृष्टी गेली आणि सूक्ष्मदर्शकाचे काम सुटले. मग त्यांनी पेशींऐवजी शहरे पाहायला घेतली, तीही त्याच नजरेने: शहर हा जिवंत प्राणी, गल्ल्या या त्याच्या शिरा. १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन ज्या जहाजात होते ते एमडेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले. गड्याने नवे प्रदर्शन उभे केले आणि मद्रासला मांडले. (पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. आपले गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्याच हाताखालचे.)

तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबाराने त्यांना शहराचा आराखडा करायला बोलावले. तो अहवाल १९१८ साली दोन खंडांत निघाला. पण त्याआधीची त्यांची दिवाळी अहवालाइतकीच महत्त्वाची आहे.

शहरात प्लेगची धास्ती होती. गेडिस गल्लोगल्ली हिंडत, नकाशावर खुणा करत, आणि लोकांना वाटे की हा आपली घरे पाडायला आलेला साहेब आहे. त्यांनी महाराजांकडून एका दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि दवंडी पिटवली: या वर्षीची मिरवणूक हिंदूंच्या ठरल्या वाटेने जाणार नाही आणि मुसलमानांच्याही नाही, ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत जास्त झाडली-सारवली, रंगवली गेली असतील त्या रस्त्यांनी जाईल. कचरा फुकट उचलून नेण्याची सोय केली. त्यांच्याच हिशेबाने सहा हजारांहून जास्त गाड्या कचरा शहराबाहेर गेला. हजारो उंदीर पकडले गेले.

मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, शेतीची दृश्ये होती, मागून पडक्या घरांची आणि रोगाची भेसूर सोंगे होती. राक्षसाच्या पुतळ्याबरोबर प्लेगचा एक प्रचंड उंदीर होता. त्यामागे शहरातले सफाई कामगार होते: नवे पांढरे कपडे, झेंडूच्या माळा, नवे झाडू, रंगवलेल्या गाड्या. लक्ष्मीच्या पाठोपाठ रथात एक नवी देवता होती, इंदूरनगरी. शेवटी उंदीर आणि राक्षस जाळले आणि लोकांना तुळशीची रोपे फुकट वाटली.

प्लेग ओसरला. त्यात ऋतूचाही वाटा होता. उन्हे वाढली की तो तसाही उतरे, आणि गेडिस यांनाही ते ठाऊक होते. खरा फरक वेगळा होता. पिसू, उंदीर, धान्य आणि घाण ही साखळी प्रयोगशाळेत सिद्ध झाली होती, पण तिला गल्लीत पोहोचायला वाट नव्हती. गेडिस यांनी ती वाट आपल्याच दसरा-दिवाळीत शोधली. घर झाडणे ही आपल्याकडे दिवाळीची तयारी असतेच. त्यांनी त्या तयारीला मिरवणुकीच्या मानाची जोड दिली. पुण्याच्या माजघरात जे संगिनीने झाले नाही ते इथे चढाओढीने झाले.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवली पाहिजे. झेंडू घातलेले ते सफाई कामगार दुसऱ्या दिवशी त्याच गल्ल्यांत, त्याच टोपल्या घेऊन गेले. मिरवणुकीने त्यांच्या कामाला एक दिवस मान दिला. ते काम कोणाच्या वाट्याला यावे हा प्रश्न तिने विचारला नाही.

अहवालात गेडिस यांनी सरसकट पाडापाडीला विरोध केला. मोडकळीला आलेली मोजकी घरे काढा, चौक मोकळा करा, विहीर आणि झाड राखा, बाकीचे राहू द्या, असा त्यांचा सल्ला होता. मलमूत्र पाण्याबरोबर नळांतून वाहून नेणाऱ्या खर्चिक योजनेवर त्यांनी कडक टीका केली. जे जमिनीला द्यायचे ते नदीत का घालवता, हा त्यांचा मुद्दा होता. दुसऱ्या खंडात इंदूरला विद्यापीठ असावे म्हणून सविस्तर मांडणी आहे. ते विद्यापीठ १९६४ साली आले, म्हणजे ४६ वर्षांनी. आणि खान नदीचे काय झाले ते कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ उभे राहिले की कळते.

इथे मला एक फरक दिसतो. अहवालातले जे लोकांनी स्वतः करायचे होते ते झाले. ज्यासाठी दरबारच्या खात्यांनी आपली कामाची रीत बदलायला हवी होती, ते बरेचसे कागदावर राहिले.

दुसरे पाहुणे हॉवर्ड. त्यांचा सारा झगडाच खात्यांशी होता. १९०५ पासून ते बिहारमध्ये पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि पुसाचे प्रसिद्ध गहू या दोघांचे. पण पुसाची रचनाच त्यांना खटके. बुरशीचे खाते वेगळे, किडीचे वेगळे, रसायनाचे वेगळे. एकच रोप, आणि त्याचे पान एकाकडे, मूळ दुसऱ्याकडे, माती तिसऱ्याकडे! किडीला मारण्याआधी ती याच शेतात का आली हे विचारा, असे ते म्हणत. शेतकरी आणि कीड या दोघांना ते आपले गुरू मानत.

मग त्यांनी कापूस हे एकच पीक घेऊन, मुळापासून बोंडापर्यंत सगळे एका छताखाली अभ्यासणारी संस्था काढायचे ठरवले. पैसा मध्यवर्ती कापूस समितीकडून आणि मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांकडून आला. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने नाममात्र भाड्यावर दिली. १९२४ साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री उभी राहिली. आजचे आपले कृषी महाविद्यालय ते हेच. मजुरांना सहा तासांचे काम, राहायला घरे आणि वेळच्या वेळी पगार, हाही त्या प्रयोगाचाच भाग होता. थकलेल्या माणसाकडून नेटके काम होत नाही, हे हॉवर्डना बैलांकडे पाहूनच कळले असावे.

कापसाचे चांगले वाण काढणे हे मूळ काम. पण माळव्याच्या काळ्या मातीत त्यांना दिसले की नुसत्या वाणाने भागत नाही. पावसाळ्यात ही माती गच्च बसते, मुळांना हवा मिळत नाही. मातीला सेंद्रिय खत हवे, आणि शेणाच्या तर गोवऱ्या होऊन चुलीत जातात. शेतकऱ्याला शेण जाळू नको म्हणणे सोपे असते. त्याच्या बायकोला स्वयंपाक करायचा असतो. तेव्हा थोड्या शेणात पुष्कळ खत कसे होईल, असा प्रश्न मांडला गेला.

उत्तर निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा झाले. चीनचे शेतकरी काडीकचरा कुजवून शतकानुशतके शेते पिकवतात, हे एफ. एच. किंग या अमेरिकन मृदाशास्त्रज्ञाने १९११ साली लिहिले होते. कुजण्यात बुरशी आणि जिवाणू पाळीपाळीने काम करतात, हे सूक्ष्मजीवशास्त्राने दाखवले होते. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण बिघडले की ढीग अडून बसतो, हे रसायनाने. आणि गोठ्यातली मुतलेली माती व चुलीची राख वाया घालवू नये, हे इथल्या शेतकऱ्याला आधीच ठाऊक होते.

या सगळ्याचे रसायन ज्यांनी प्रयोगशाळेत तपासले ते यशवंत वाड, संस्थेच्या प्रयोगशाळांचे काम पाहणारे मराठी रसायनशास्त्रज्ञ. १९३१ साली ऑक्सफर्डने शेतीतल्या टाकाऊ पदार्थांवरचे जे पुस्तक छापले, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावे आहेत. जग त्याला हॉवर्डचे पुस्तक म्हणते. निदान या सभागृहात तरी दोन्ही नावे घेतली जावीत.

पद्धत अशी: पऱ्हाट्या आणि तुराट्या कडक, लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरायच्या. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चेचल्या जातात. मग त्या रात्री बैलांखाली अंथरायच्या. सकाळी उथळ खड्ड्यात थर लावायचे: काडीकचरा, शेण, मुतलेली माती, राख, वर पाणी. तीन महिन्यांत तीनदा वरखाली करायचे. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी काळे, भुसभुशीत, वास नसलेले खत तयार. वर्षाला एका बैलजोडीमागे सुमारे पन्नास गाड्या खत निघे. यात विकत आणायचे काहीच नाही. यंत्र नाही, परदेशी पूड नाही. चेचण्याचे काम गाडीचे चाक करते हे ज्याला सुचले, त्याला शेतकऱ्याचा दिवस कसा जातो हे माहीत होते.

हॉवर्ड १९३१ मध्ये गेले, पण वाड थांबले नाहीत. जॅक्सन आणि वाड यांनी ही पद्धत मानवी वस्तीच्या घाणीला लावून पाहिली: रेसिडेन्सीच्या भागात, इंदूर शहरात आणि माळवा भिल्ल पलटणीत. त्याचे टिपण १९३४ साली संस्थेने छापले. सोनखत आपल्या कुणब्यांना नवे नव्हते; पण त्याला माशी आणि दुर्गंधी यांच्यापासून सोडवून नगरपालिकेने करण्याजोगे काम करणे हे नवे होते. गेडिस यांनी १९१८ साली दरबाराला जे सांगितले होते, त्याची रीत सोळा वर्षांनी याच शहरातून निघाली. वनस्पती, रसायन, आरोग्य आणि नगररचना या चार खात्यांत वाटला गेलेला प्रश्न एका खड्ड्यात एकत्र आला. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेले गांधीजी ही संस्था पाहून गेले आणि त्यांनी 'हरिजन'मधून या पद्धतीचा प्रचार केला.

पुढे 'इंदूर पद्धत' सिलोन-आसामच्या चहामळ्यांत गेली, आफ्रिकेच्या कॉफीमळ्यांत गेली, इंग्लंड-अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा पाया झाली. आपल्याकडे मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर पोत्यातले खत आले. ते स्वस्त होते, सरकार त्यावर सवलत देई, आणि त्याचे माप सोपे होते: एकरी इतकी पोती. खड्ड्याचे माप कोणत्याच खात्याच्या तक्त्यात बसत नव्हते. हॉवर्ड ज्या भिंतींना कंटाळून पुसाहून निघाले त्या भिंती इंदूरपर्यंत येऊन पोहोचल्या होत्या.

२०१७ पासून २०२३ पर्यंत आपले शहर स्वच्छतेत देशात पहिले आले, आणि २०२२ मध्ये देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करणारा, रोज ५५० टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला. त्याचा अभिमान आपल्याला आहे, असावाच. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे ही या यशाची किल्ली आहे, आणि ते काम आपल्या घरातली माणसे रोज सकाळी करतात.

होळकर दरबाराने दिलेल्या ९९ वर्षांच्या पट्ट्याचा हिशेब नुकताच पुरा झाला. ज्या माळावर १९२४ साली कापूस उभा होता, त्याच्या चहूबाजूंनी आता शहर आहे, आणि जमिनीची किंमत एकराऐवजी चौरस फुटावर आली आहे. काही वर्षांपूर्वी त्या जमिनीचा काही भाग दुसऱ्या कामासाठी घेण्याचा विचार निघाला, तेव्हा महाविद्यालयाचे विद्यार्थी आंदोलनाला बसले. ती मुले माळव्यातल्या गावागावांतून आलेली होती. नवलख्याकडून जाताना त्या शेतांवरून आपली नजर रोज जाते. वाडांनी ज्या मातीवर काम केले ती माती अजून तिथेच आहे, आणि तिच्याविषयीचे पुढचे कागद कुठल्या खात्यात फिरत आहेत, हे या शहरात चार पिढ्या काढलेल्या आपण तरी विचारायला हवे.