कुत्र्याच्या बिस्किटाचं आजोळ

लाल भोपळा वाफवून घोटायचा, त्यात मीठ-साखर नसलेलं पीनट बटर मिसळायचं, मावेल तेवढी कणीक किंवा नाचणीचं पीठ घालून घट्ट गोळा मळायचा, जाडसर लाटून वड्या कापायच्या आणि ओव्हनमध्ये 180 अंशांवर खुटखुटीत भाजायच्या. कुत्र्यांसाठी घरी केल्या जाणाऱ्या या खाऊची कृती अमेरिकेतून आली असं सगळेच धरून चालतात, आणि कागदोपत्री ते खरंही आहे. पण नाशिक जिल्ह्यात बसून या कृतीकडे पाहिलं की एक वेगळाच धागा हाताला लागतो. कणकेचा गोळा विस्तवात भाजायचा, त्याला भरिताची जोड द्यायची आणि त्यातला घास कुत्र्यापुढे ठेवायचा, यासाठी इथल्या पंचांगात एक तिथी फार पूर्वीपासून राखून ठेवलेली आहे. ती मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, म्हणजे चंपाषष्ठी. या खाऊचं बापाकडचं घराणं परदेशी असेल, पण त्याचं आजोळ खंडोबाच्या देव्हाऱ्यात आहे, असं माझं म्हणणं आहे.

परदेशी घराण्याची हकिगत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. तडितवाहक विकणारा जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन 1860 च्या आसपास इंग्लंडात आला. गोदीत भटकी कुत्री खलाशांची टाकलेली टणक बिस्किटं खाताना त्याने पाहिली, असं सांगतात, आणि गहू, भाज्या, बीट व सुकवलेलं मांस यांची कुत्र्यांसाठीची बिस्किटं त्याने बाजारात आणली. त्याच्याकडे नोकरीला लागलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे 1891 मध्ये आपल्या नावाचं श्वानप्रदर्शन सुरू केलं. 1908 मध्ये न्यूयॉर्कच्या एका बिस्किट कारखान्यातून मिल्क-बोन निघालं आणि कुत्र्याच्या बिस्किटाला हाडाचा आकार चिकटला. ही सगळी कारखान्याची आणि दुकानाची गोष्ट झाली. घरच्या माणसाने घरच्या विस्तवावर कुत्र्यासाठी काही भाजण्याची गोष्ट तिच्यात येत नाही.

ती गोष्ट रोडग्यात आहे. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा. तो तव्यावर टाकत नाहीत, गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजतात. वरचं कवच कडक होतं आणि आतला भाग घट्ट, कोरडा शिजतो. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत, रोडगा, जोंधळे शिजवून दही-मीठ लावलेला ठोंबरा, पातीचा कांदा आणि लसूण यांचा नैवेद्य असतो. चातुर्मासापासून वर्ज्य केलेले वांगी-कांदा-लसूण कुळाचाराच्या घरांत याच दिवशी पुन्हा ताटात येतात. तळी भरून झाली की नैवेद्यातला घास गाईला आणि कुत्र्याला घालण्याची रीत आहे, कारण कुत्रा हा खंडोबाचा सोबती. देव्हाऱ्यातले खंडोबाचे टाक निरखून पाहिले तर घोड्यावरच्या देवाच्या पायाशी धावणारा कुत्रा बहुधा सापडतोच. जेजुरीला वाघ्ये कोटंब्यातून खातात, कुत्र्यासारखे भुंकतात आणि आपण देवाची कुत्री आहोत हे अंगाने दाखवतात. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोंथायमर या दोघा अभ्यासकांनीही या उपासनेचा पाठपुरावा आयुष्यभर केला तो अशाच जिवंत खुणांमुळे. रोडगा किती जुना, याचा एक भक्कम पुरावा सोळाव्या शतकातला आहे: एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण देवीला रोडगाच नवसाला बोलते. म्हणजे त्या काळी ऐकणाऱ्याला अर्थ समजावून सांगावा लागू नये इतका तो रुळलेला होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की रोडगा देवासाठी भाजतात, कुत्र्याच्या वाट्याला त्यातलं येतं इतकंच. आजचा खाऊ मात्र मुळात कुत्र्यासाठीच केलेला असतो. आक्षेप वजनदार आहे. पण मराठी घरात कुत्र्याला अन्न दोन वाटांनी मिळत आलं आहे, आणि त्या दोन वाटा कधीच एक नव्हत्या. एक रोजची वाट: शिळी भाकरी, उरलेला भात, खरवड. दुसरी वाट नेमाची: माणसांची पंगत बसण्याआधी बाजूला काढलेला घास. श्राद्धातला श्वानबळी आणि चंपाषष्ठीचा घास या दुसऱ्या वाटेवरचे. तो उष्टा नसतो, ताजा असतो, आणि चंपाषष्ठीला तर तो सणाच्या मुख्य पदार्थाचाच असतो. त्यात आणखी एक बारकावा आहे आणि माझा सगळा भर त्यावर आहे. रोजच्या वाटेवरचं अन्न तव्यावरून आणि पातेल्यातून येतं. नेमाच्या वाटेवरचा रोडगा आरातून येतो. आपल्या स्वयंपाकात भाजणं जवळजवळ सगळं तव्याचं. विस्तवाच्या पोटात जाणारे पदार्थ मोजकेच, आणि त्यातला एक कुत्र्याच्या वाट्याला आला. आज कुत्र्यासाठी ओव्हन लावणारा माणूस, त्याला जाणीव असो वा नसो, या दुसऱ्या वाटेवर चालत असतो.

ही वाट नाशिक जिल्ह्यात जास्त ठळक आहे, कारण खंडोबाची दुसरी बायको बाणाई इथली. मालेगाव तालुक्यातलं चंदनपुरी हे तिचं गाव. म्हाळसेला जेजुरीत ठेवून खंडोबा इथे आला, धनगराच्या घरी चाकरीला राहिला, मेंढ्या राखल्या आणि बाणाईला जिंकून घेऊन गेला, ही कथा पौष पौर्णिमेच्या यात्रेत आजही गायली जाते. मेंढ्या राखणाऱ्या देवासोबतचा कुत्रा हा शिकारी राजाचा कुत्रा आहे की धनगराचा? प्रतिमेत घोडा आणि तलवार असल्यामुळे बरेच जण त्याला शिकारीचा समजतात. मला तो धनगराचाच वाटतो, आणि त्याचं कारण त्याच्या ताटात आहे. शिकारी कुत्र्याला शिकारीतला वाटा मिळतो. कळप राखणाऱ्याला मेंढ्यांच्या मांसाची चटक लागून चालत नाही, त्याला भाकरी आणि ताकच द्यावं लागतं. रोमन शेतीग्रंथकार व्हॅरोने मेंढपाळाच्या कुत्र्यांना दुधात भिजवलेली जवाची भाकरी द्यायला सांगितली आहे, आणि त्याच्यानंतरच्या कोलुमेलाने जवाचं पीठ दह्याच्या निवळीत कालवून द्यायला सांगितलं आहे. चंपाषष्ठीच्या ठोंबऱ्यात जोंधळे आणि दही एकत्र येतात, ते याच जातीचं अन्न आहे. कुत्र्याचं शरीरही याला साक्ष देतं. उप्साला विद्यापीठातल्या एरिक अॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत आढळतात. माणसाने धान्य पेरलं आणि त्याच्या अंगणातला प्राणी धान्य पचवू लागला. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये सापडलेल्या काशाच्या बैलरथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. तो रथ उत्तर-हडप्पा काळातला की बराच नंतरचा, यावर पुरातत्त्वज्ञांत मतभेद आहेत. माझा कौल जुन्या काळाकडे आहे. बैल, शेत आणि कुत्रा हे त्रिकूट गोदावरीच्या खोऱ्यात तेव्हापासूनचं.

आता भरिताकडे यायला हवं, कारण दुसरा आक्षेप तिथे आहे आणि तो पशुवैद्यांचा आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी आहेत. त्यांतल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे तांबड्या पेशी फुटतात आणि पंडुरोग जडतो. म्हणजे चंपाषष्ठीचं कांदा-लसणाचं भरीत हा कुत्र्याच्या खाऊचा पूर्वज कसा मानायचा? वर्षातून एकदा, मोठ्या अंगाच्या कुत्र्याला चिमूटभर, यात अपाय दिसून येत नाही, हे एक उत्तर. पण ते पुरेसं नाही. खरं उत्तर मिळतं नाशिकच्या पिकांतच. जिल्ह्याचं नाव ज्या दोन पिकांनी गाजलं, ती दोन्ही कुत्र्याला चालत नाहीत. लासलगावचा कांदा एक. निफाड-दिंडोरीची द्राक्षं दुसरं. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, हे या शतकाच्या सुरुवातीला पशुवैद्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यामागचा दोषी बरीच वर्षं सापडत नव्हता. 2021 मध्ये अमेरिकेतल्या प्राणीविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, आणि तो सुगावा त्यांना द्राक्षातून लागलाच नाही: क्रीम ऑफ टार्टर घालून घरी मळलेला, मुलांच्या खेळण्याचा गोळा खाऊन आजारी पडलेल्या एका कुत्र्यावरून लागला. क्रीम ऑफ टार्टर म्हणजे द्राक्षाची दारू मुरताना पिंपाच्या आत जमणारा क्षार, आणि केक-बिस्किटांच्या कितीतरी कृतींत तो घातला जातो. चिंचेतही तेच आम्ल भरपूर असतं, म्हणून चिंचेची आमटीसुद्धा कुत्र्याच्या ताटापासून लांबच बरी. कांदा गेला, द्राक्ष गेलं, चिंच गेली. भरिताला मग काय उरलं? डांगर.

नाशिक-खानदेशाकडे लाल भोपळ्याला डांगर म्हणतात, आणि त्याचं भरीत मराठी स्वयंपाकात वांग्याच्या भरिताइतकंच ओळखीचं आहे. डांगर उकडून कुस्करायचं, दही घालायचं आणि वरून दाण्याचं कूट. कांदा-लसणाशिवायच्या भरिताची ही परंपरा उपासाची आहे. इथे मला या सगळ्या हकिगतीतला सर्वांत नवलाचा भाग दिसतो. लाल भोपळा आणि भुईमूग, दोघेही मूळचे अमेरिका खंडातले. भोपळ्याच्या कुळातल्या लागवडीच्या बिया मेक्सिकोत ओआहाकाच्या गुहेत सापडल्या, त्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या. भुईमूग बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या पट्ट्यातला. युरोपीय जहाजांनी ती पिकं आपल्याकडे आली. भुईमूग पोर्तुगिजांनी आफ्रिकेला वळसा घालून आणला की तो फिलिपाइन्सच्या बाजूने पूर्व किनाऱ्यावर उतरला, हा वाद जुना आहे. तमिळमधलं मनिलाचं नाव आणि बंगालीतलं चिनी नाव पाहता दोन्ही वाटांनी आला असावा असं मी मानतो. पण आल्यावर या दोघांनी आपल्या उपासाच्या ताटात जागा मिळवली. कारण सरळ आहे: ती धान्यं नव्हती आणि निषिद्धांच्या कोणत्याही जुन्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. अमेरिकेतही पीनट बटर पथ्याच्याच दारातून पुढे आलं. मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसनने 1884 मध्ये दाण्याच्या लगद्याचं पेटंट घेतलं होतं, पण त्याला प्रतिष्ठा मिळाली ती बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात. तिथल्या जॉन हार्वे केलॉग या कट्टर शाकाहारी डॉक्टरने 1895 मध्ये दाण्याच्या लोण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ते मांसाऐवजी रुग्णांच्या पथ्यात आणलं. कुत्र्याच्या ताटात भोपळाही पथ्य म्हणूनच शिरला: पोट बिघडलं की त्यातला चोथा शौचाला बांधून आणतो, म्हणून पशुवैद्य तो सुचवतात; आणि गोळी लपवायला पीनट बटर. एकाच जोडीला एका देशात उपासाने आणि दुसऱ्या देशात पथ्याने जवळ आणलं, आणि दोन्हीकडे सूत्र एकच होतं: जे वर्ज्य, त्याची जागा भरायची.

या मांडणीला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिला देवळालीचा. 1860 च्या दशकात तिथे इंग्रजी फौजेचा तळ उभा राहिला, म्हणजे स्प्रॅटची बिस्किटं निघाली त्याच सुमारास. साहेबांच्या कुत्र्यांमार्गे ही चाल नाशिकात रुजली, असं म्हणता येईल. मला ते पटत नाही. ती बिस्किटं विकत घ्यायची आणि मांस घातलेली. शाकाहारी नाशिककराच्या चुलीपर्यंत त्यांची मजल जाणं अवघडच होतं. त्याच देवळालीत खंडोबाची टेकडीही आहे, आणि तिचा कुळाचार छावणीपेक्षा कितीतरी जुना. दुसरा प्रतिस्पर्धी अधिक बळकट आहे: गुजरात. तिकडे कुत्र्यांसाठी वेगळे रोटले थापतात, उत्तरायणाला त्यांचे लाडू वळतात, व्यालेल्या कुत्रीला शिरा घालतात. यात देवाचं निमित्तसुद्धा नाही, पदार्थ थेट कुत्र्यासाठीच होतो. नाशिक शहरात गुजराती वस्ती जुनी आहे आणि पेठ-सुरगाण्याची हद्द गुजरातला लागून. कुत्र्यासाठी मुद्दाम वेगळं करायचं, ही वृत्ती तिकडून आली असेल तर ती मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण रोटला तव्यावरचा आणि लाडू कढईतला. आरातला कोरडा, भरिताच्या जोडीचा गोळा तिथे नाही.

शेवटचा आक्षेप असा: आज वड्या कापणाऱ्याने कृती इंग्रजीतूनच घेतली, त्याच्या मनात रोडगा नव्हता. ते खरं आहे. पण बाहेरची कृती टिकते ती घरातल्या कशात तरी बसली तरच, आणि ही कृती नाशिकच्या स्वयंपाकघरात शिरली की लगेच बदलते. पीनट बटरच्या बाटलीवर झायलिटॉल लिहिलेलं असेल तर ते कुत्र्याची रक्तातली साखर धोकादायक रीतीने खाली आणतं. म्हणून ती बाजूला सारून भाजलेले दाणे तेल सुटेपर्यंत घरीच वाटायचे, आणि खवट किंवा बुरशी आलेला दाणा त्यात जाऊ द्यायचा नाही. घारग्यांच्या सवयीने हात गूळ आणि जायफळाकडे जातो, तो आवरायचा, कारण जायफळही कुत्र्याला बाधतं. क्रीम ऑफ टार्टर नको, सोडा नको, मीठ नको. उरतं ते कणीक, डांगर आणि कूट. भाजून झाल्यावर ओव्हन बंद करून वड्या आतच निवू द्यायच्या, म्हणजे उरलेला ओलावा निघून जातो आणि त्या चार दिवस जास्त टिकतात. निवत्या आरात पुरून ठेवलेल्या रोडग्यांचंही असंच होतं.